जुना स्पेक्ट्रम ॲनालायझर घेतांना

जुनी वस्तु पारखून घेणें ही मध्यम स्थितींतल्या कुटुंबांची एक वडिलोपार्जित विद्याच आहे. तांब्याचा बंब घ्यावयाचा असला तर बूड ठोकून पाहावें, बाजाची पेटी असली तर भाता दाबून हवा किती वेळ टिकते तें पाहावें, शिसवी कपाट असलें तर मागची फळी हलवून पाहावी, असे धडे आमच्या पिढीनें घरांतच घेतले. परंतु जिचें नांवहि आपल्या वडिलांनीं ऐकलें नव्हतें, जिच्या अंतरंगाची आपणांस कांहींच कल्पना नाहीं, आणि जिच्यावर घरांतल्या एका मनुष्याची भाकरी अवलंबून आहे, अशी जुनी वस्तु घेण्याचा प्रसंग आला म्हणजे ही विद्या अपुरी पडते. असा प्रसंग दोन वर्षांपूर्वीं आमच्यावर आला. त्यांत आम्ही एकदां फसलों आणि एकदां सावरलों. जें शिकलों तें इतरांच्या उपयोगीं पडावें, म्हणून हा लेख.

आमचें इंग्रजी शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपाशीं थांबलें. पुढें जें कांहीं शिकलों तें पाठशाळेंत शास्त्रीबोवांपुढें बसून, आणि जन्मभर शाळेंत तेंच शिकविलें. तेव्हां विद्युत्शास्त्रावर लिहिण्याचा आमचा अधिकार काय, असें कोणी विचारील तर तो प्रश्न रास्त आहे. उत्तर इतकेंच कीं, ज्याला चटका बसला तोहि विस्तवाविषयीं दोन शब्द सांगूं शकतो.

आमच्या दिवंगत थोरल्या बंधूंचा मुलगा बिनतारी उपकरणें करणाऱ्या एका कारखान्यांत चौदा वर्षें होता. कारखान्यानें तो विभागच बंद केला. वय चाळिशीच्या पुढें, घरीं आई, पत्नी आणि शाळेंत जाणारीं दोन मुलें. पुण्याच्या आसपास फाटक उघडण्याचे रिमोट, पाण्याच्या मीटरचे बिनतारी संदेशक, अशा वस्तु करणारे लहान लहान उद्योग पुष्कळ आहेत. त्यांना आपला माल सरकारी मंजुरीसाठीं मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावा लागतो. तेथें माल नापास झाला तर शुल्क आणि वेळ दोन्ही वायां जातात. त्यांच्याकरितां आधींच पूर्वतपासणी करून द्यावी, असा पुतण्याचा बेत होता. त्या कामाचें मुख्य यंत्र म्हणजे स्पेक्ट्रम ॲनालायझर. नामांकित कंपनीचें नवें घ्यावयाचें तर कित्येक लाखांची गोष्ट. म्हणून वापरलेलें घ्यावयाचें ठरलें. पैशांसाठीं वहिनींनीं आपल्या पाटल्या काढल्या. त्या आम्हांस म्हणाल्या, "भावजी, मला त्यांतलं कळत नाहीं. तुम्ही एकदां जाऊन पाहून या. तुम्हीं चांगलं म्हटलंत, कीं मी पाटल्या देतें."

आम्ही गेलों, पाहिलें, आणि चांगलें आहे म्हणून सांगितलें. पुढचें सारें त्या एका शब्दावरून घडलें.

यंत्र करतें काय?

या यंत्रास मराठींत वर्णपट-विश्लेषक म्हणतां येईल. परंतु तो शब्द घेऊन बुधवार पेठेंत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून हिंडलें तर कोणी ओळख देणार नाहीं, म्हणून प्रचलित नांवच ठेवतों.

रेडिओचा काटा फिरविणें सर्वांस ठाऊक आहे. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत काटा सावकाश न्यावा, वाटेंत कोठें स्टेशन लागतें आणि किती मोठ्यानें लागतें याची नोंद करीत जावी, व शेवटीं त्या नोंदींचा आलेख काढावा. या कामास अर्धापाऊण तास लागेल. हेंच काम स्पेक्ट्रम ॲनालायझर क्षणार्धांत करतो, पुन्हां पुन्हां करतो, आणि आलेख पडद्यावर काढीत राहतो. आडव्या बाजूस लहरींची कंपनसंख्या, उभ्या बाजूस त्यांचा जोर. हातभर तार जोडून आम्हीं प्रथम हें पाहिलें, तेव्हां ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या दरम्यान एफएम केंद्रांचीं शिखरें कंगव्याच्या दांतांसारखीं उभीं राहिलीं, आणि १०१ वरचें विविध भारतीचें शिखर पुतण्यानें बोट ठेवून दाखविलें. रोज कानांनीं ऐकतों तें डोळ्यांनीं दिसलें याचें आम्हांस मोठें कौतुक वाटलें.

यंत्रांत आलेली लहर प्रथम ॲटेन्युएटरमधून जाते. तो तिचा जोर ठराविक मापानें कमी करतो. नंतर मिक्सर नांवाच्या भागांत यंत्राची स्वतःची एक लहर तिच्यांत मिसळते, आणि दोहोंच्या फरकाइतक्या कंपनसंख्येची तिसरी लहर निघते. ही तिसरी लहर एका ठराविक गाळणींतून जाते व तिचा जोर मोजला जातो. यंत्र आपली लहर सरकवीत नेतें, त्यामुळें बाहेरच्या सर्व लहरी एकामागून एक त्याच गाळणीपुढें हजर होतात. यांतला ॲटेन्युएटर आणि मिक्सर हे दोन भाग दाराशींच असतात. दार उघडून पाहुण्याला घेतांना जो धक्का बसावयाचा तो त्यांनाच बसतो. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

जोर मोजण्याचें माप डीबीएम. एक मिलिवॅट म्हणजे शून्य डीबीएम. दर दहा अंशांस शक्ति दसपट होते किंवा दशांश होते. म्हणजे अधिक ३० डीबीएम हा एक वॅट, आणि उणे २० डीबीएम हा मिलिवॅटचा शंभरावा भाग.

रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलत असला तरी तो त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येवरहि थोडेंफार पुटपुटत असतो. हें पुटपुटणें नियमानें ठरविलेल्या मर्यादेखालीं आहे किंवा नाहीं, हें पाहणें हें पुतण्याचें काम. केवळ नियम म्हणून नव्हे. पुण्याच्या उत्तरेस नारायणगांवजवळ खोडद येथें जीएमआरटी नांवाची रेडिओ-दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशांतल्या अतिशय क्षीण लहरी टिपण्यासाठीं तेथें उभ्या आहेत. माणसांच्या उपकरणांतून सुटलेली भटकी लहर हा अशा कामांतला नित्याचा उपद्रव आहे. शेजाऱ्याच्या ओसरीवर आपल्या घरचें सांडपाणी जाऊं नये, तशांतलाच हा प्रकार.

बहिरा परीक्षक

पहिलें यंत्र नव्वद हजार रुपयांस घेतलें. ज्यानें विकलें त्याचें किंवा यंत्राच्या कारखान्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. कारखान्याचा त्यांत कांहीं दोषहि नव्हता. दुकानांत पडदा लख्ख उजळला, पंखा बिनआवाज फिरला. विकणाऱ्यानें हातांतला वॉकी-टॉकी दाबला आणि पडद्यावर टोलेजंग शिखर उभें राहिलें. आम्ही प्रसन्न झालों. चहा झाला, पैसे दिले, यंत्र घरीं आलें.

तीन आठवड्यांनीं पहिला गिऱ्हाईक आला. त्याच्या रिमोटची पुतण्यानें कसून तपासणी केली. दुप्पट, तिप्पट कंपनसंख्येवर कांहींच आढळलें नाहीं, पडदा स्वच्छ. "पास होईल," असें त्यानें लिहून दिलें. माल प्रयोगशाळेंत गेला आणि तेथें नापास झाला. गिऱ्हाईक शांतपणें येऊन कागद ठेवून गेला. तो ओरडला असता तर बरें वाटलें असतें.

त्या रात्रीं पुतण्यानें यंत्राचें पुस्तक उघडलें. अशा बहुतेक यंत्रांच्या तोंडावर एक लहानसा सांधा असतो. त्यांतून ठराविक कंपनसंख्येची आणि ठराविक जोराची लहर बाहेर येते. ती तारेनें यंत्राच्याच प्रवेशद्वाराशीं जोडली म्हणजे यंत्र बरोबर मोजतें कीं नाहीं, तें कळतें. दुकानांत ती तार नव्हती; "हरवली" असें सांगण्यांत आलें होतें. पुतण्यानें तार करून जोडली. जेथें उणे २० दिसावयास हवें होतें तेथें उणे ५१ दिसलें. म्हणजे शक्तीचा हजारावा भागहि यंत्राला दिसत नव्हता. कोणीतरी पूर्वीं त्यांत मोठ्या जोराची लहर घातली असावी, आणि दाराशींच्या भागांपैकीं कांहीं जळलें असावें.

मग दुकानांतलें तें टोलेजंग शिखर? वॉकी-टॉकी पांच वॅटचा, म्हणजे अधिक ३७ डीबीएम. तो हातभर अंतरावर दाबला होता. हजारांश झाला तरी त्याचें शिखर उंचच दिसणार. शिवाय पडद्याच्या वरच्या कडेस कोणता आंकडा मानावयाचा तें माणसाच्या हातीं असतें. तो खालीं आणला कीं टेकडीचा डोंगर होतो. आम्हीं शिखराची उंची पाहिली, शेजारचा आंकडा वाचला नाहीं.

चौदा वर्षें या कामांत असलेल्या माणसाला हें कसें कळलें नाहीं, असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "काका, कारखान्यांत यंत्रावर शंका घेण्याचं काम दुसऱ्या खात्याचं होतं. आमच्या टेबलावर येई तें शिक्का मारूनच येई." हें उत्तर आम्हांस फार खरें वाटलें. आम्हींहि जन्मभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. तपासणाऱ्याला कोण तपासतो, हा विचार किती वेळां केला? बहिरा परीक्षक तोंडी परीक्षेला बसला तर सगळींच मुलें पास होतील. यंत्र बंद पडलें असतें तर तें लगेच कळलें असतें. हें चालू होतें, आणि सर्वांस निर्दोष ठरवीत होतें.

न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशीं चार प्रमाणें सांगितलीं आहेत. शब्द हें प्रमाण खरें, पण तें आप्ताचें असावें लागतें. विकणारा हा त्या व्यवहारापुरता आप्त नव्हे. प्रत्यक्षावर भरंवसा ठेवावा, तर ज्या डोळ्यानें पाहावयाचें तो डोळाच येथें विकत घ्यावयाचा आहे. डोळ्याची परीक्षा कशी होते? डॉक्टर ठाऊक असलेलीं अक्षरें समोर टांगतात आणि वाचावयास सांगतात. यंत्राचेंहि तसेंच. ज्याचा जोर आणि कंपनसंख्या आधीं ठाऊक आहे अशी लहर समोर धरल्यावांचून पडद्यावर काय दिसतें याला अर्थ नाहीं. एवढें एक वाक्य आम्हांस आधीं ठाऊक असतें तर नव्वद हजार वांचले असते.

कोणतें यंत्र कशाचें?

यानंतर चार महिने आम्ही दोघे रोज रात्रीं बसलों. पुतण्या यंत्रांचीं पुस्तकें वाची, आम्ही वहींत टांचण करूं. जुन्या बाजारांत सर्वांत अधिक दिसणारीं यंत्रें अमेरिकेंतल्या एचपी कंपनीचीं. या कंपनीनें १९६४ सालीं ८५५१ हें आपलें पहिलें असें यंत्र काढलें. मापन-यंत्रांचा हा धंदा १९९९ मध्यें एजिलेंट या नांवानें आणि २०१४ मध्यें कीसाइट या नांवानें निराळा झाला. तेव्हां तीन नांवांचीं यंत्रें एकाच घराण्यांतलीं समजावीं. जुन्या यंत्रांचीं पुस्तकें अजून मिळतात, हा या घराण्याचा मोठा गुण.

यंत्राची पहिली गोष्ट म्हणजे तें किती कंपनसंख्येपर्यंत पाहतें. येथें लोभ आणि काटकसर दोन्ही घात करतात. २२ गिगाहर्ट्झपर्यंत पाहणारें यंत्र घेऊन ४३३ मेगाहर्ट्झचे रिमोट तपासणें म्हणजे सुपारी फोडावयास घण आणणें. उलट १.५ गिगाहर्ट्झपर्यंतच्या यंत्रांत त्या रिमोटची तिप्पट लहर, म्हणजे १३०१.७६ मेगाहर्ट्झ, दिसते. पण चौपट १७३५.६८ ची दिसत नाहीं. पाण्याच्या मीटरसाठीं ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. त्याची तिप्पट २६०० च्या आसपास जाते. आणि २.४ गिगाहर्ट्झच्या ब्लूटूथची नुसती दुप्पट पाहावयाची तरी जवळजवळ पांच गिगाहर्ट्झपर्यंत पोंचावें लागतें. म्हणून आधीं आपण काय तपासणार तें कागदावर लिहावें, त्याला तीननें गुणावें, आणि मग बाजारांत जावें.

दुसरी गोष्ट गाळणी. गाळणी जितकी अरुंद, तितक्या जवळजवळच्या लहरी वेगळ्या दिसतात. शिवाय रुंदी दहापट कमी केली कीं यंत्राची स्वतःची खरखर १० डेसिबेलनें खालीं जाते, आणि क्षीण लहर वर डोकावते. मात्र त्याची किंमत वेळांत द्यावी लागते. एक मेगाहर्ट्झचा पट्टा एक किलोहर्ट्झच्या गाळणीनें पाहावयास साधारण अडीच सेकंद लागतात; तोच १०० हर्ट्झच्या गाळणीनें पाहूं गेलें तर शंभरपट, म्हणजे चार मिनिटांहून अधिक. बारीक पीठ हवें असेल तर जातें सावकाश ओढावें लागतें.

तिसरी गोष्ट यंत्राच्या स्वतःच्या लहरीची शुद्धता. तिला फेज नॉइज म्हणतात. ही लहर थरथरत असली तर पडद्यावरच्या प्रत्येक शिखराच्या पायथ्याशीं धुकें जमतें, आणि शेजारची क्षीण लहर त्यांत बुडते. मुख्य लहरीपासून १० किलोहर्ट्झ अंतरावर हें धुकें ८५९० मालिकेच्या ई यंत्रांत उणे ९० च्या घरांत, तर ८५६० मालिकेच्या ई यंत्रांत उणे ११३ च्या घरांत असतें. तेवीस डेसिबेलचा फरक म्हणजे दोनशें पट. परंतु रिमोटची दुप्पट-तिप्पट लहर मुख्य लहरीपासून कोसभर दूर असते. तेथें या धुक्याची बाधा नाहीं. ज्याला लहरींच्या उगमाचीच शुद्धता तपासावयाची आहे, त्यानें मात्र यासाठीं पैसे मोजावे.

या तीन गोष्टी लावून आम्हीं यंत्रें पारखलीं. १९७८ च्या सुमारास आलेल्या घराण्यांतलीं ८५६८ आणि ८५६६ हीं जुन्या पिढींतलीं महारथी, पहिलें १.५ आणि दुसरें २२ गिगाहर्ट्झपर्यंत पाहतें, व गाळणी १० हर्ट्झइतकी बारीक. परंतु दोन पेट्यांचें ओझें मिळून पन्नास किलोच्या घरांत. जिना चढवावयास चार माणसें लागतात, आणि बिघडलें तर बरें करणारा वैद्य शोधावा लागतो. टेक्ट्रॉनिक्सचें ४९२ एकाच पेटींत २१ गिगाहर्ट्झपर्यंत जातें. स्वतः सोल्डरिंग करणाऱ्या हौशी माणसास तें सोबती आहे, पण पोटासाठीं त्याच्यावर विसंबणें बरें नव्हे, कारण वय चाळिशीपलीकडचें.

८५९० मालिका ही सामान्य संसारी माणसाची. हिच्यांत ८५९१ई हें १.८ पर्यंत, ८५९४ई हें २.९ पर्यंत आणि ८५९५ई हें ६.५ गिगाहर्ट्झपर्यंत पाहतें. गाळणी नेहमींच्या यंत्रांत एक किलोहर्ट्झपर्यंत. त्याहून बारीक गाळणी कांहीं यंत्रांतच बसविलेली असते, ती आहे का तें विचारावें. या मालिकेचें एक मर्म असें कीं, मापाच्या दुरुस्तीचे आंकडे बॅटरीवर जपलेल्या स्मृतींत असतात. बॅटरी संपली कीं ते पुसले जातात. म्हणून यंत्र हातीं येतांच ते वहींत उतरून घ्यावे आणि मगच बॅटरी बदलावी.

८५६० मालिका तिची श्रीमंत बहीण. ८५६०ई हें ३० हर्ट्झपासून २.९ गिगाहर्ट्झपर्यंत व ८५६१ई हें ६.५ पर्यंत, गाळणी एक हर्ट्झपर्यंत. ज्याला परवडेल त्यानें हीच घ्यावी. एजिलेंटचें ई४४०२बी आणि जपानी ॲडव्हान्टेस्टचें आर३१३१ हीं दोन्ही ३ गिगाहर्ट्झपर्यंतचीं, त्या मानानें अलीकडचीं आणि आटोपशीर.

आतां नव्यांचा विचार. चिनी रिगोल कंपनीचें डीएसए८१५ हें २०१२ पासून मिळूं लागलें, १.५ गिगाहर्ट्झपर्यंत पाहतें, हलकें आहे, आणि नवें असल्यानें मागचा इतिहास नाहीं. त्याचें धुकें उणे ८० च्या घरांतलें, म्हणजे ८५९० पेक्षां दाट. आणि २०२० मध्यें आलेलें टायनीएसए तर तळहाताएवढें. त्याचें मूळ रूप ९६० मेगाहर्ट्झपर्यंत पाहतें. त्याला कोणी हंसूं नये. मोठें यंत्र खरें बोलतें कीं नाहीं याची दुसरी साक्ष काढावयास तें पुरेसें आहे, आणि अशी साक्ष आमच्याजवळ आधीं असती तर एवढें रामायण झालें नसतें.

विकणाऱ्याच्या दारांत करावयाच्या कसोट्या

दुसऱ्या खेपेस आम्ही वही, तारा, एन-जोडाची ५० ओहमची टोपी, ३० डेसिबेलचा वेगळा ॲटेन्युएटर आणि मापाची खात्री असलेलें लहर देणारें एक लहान उपकरण घेऊन गेलों. पुढील क्रम आम्हीं पाळला.

प्रथम पाठीमागचा विजेच्या दाबाचा खटका पाहावा. अमेरिकेंत वापरलेलें यंत्र ११५ व्होल्टवर लावलेलें असूं शकतें. तें तसेंच आपल्या २३० व्होल्टच्या विजेस जोडलें तर परीक्षा तेथेंच संपेल. मग प्रवेशद्वाराच्या जोडाची मधली पिन भिंगांतून पाहावी. वांकडी किंवा झिजलेली असली तर यंत्र धसमुसळ्या हातांत होतें असें समजावें.

नंतर यंत्र लावून अर्धा तास स्वस्थ बसावें. तापल्यावांचून माप खरें येत नाहीं, आणि जे दोष तापल्यावर दिसतात ते घाईच्या गिऱ्हाइकास दिसत नाहींत. विकणारा घाई करूं लागला तर उठावें.

अर्ध्या तासानें यंत्राची स्वतःची लहर जोडावी. ८५९० मालिकेंत ती ३०० मेगाहर्ट्झ आणि उणे २० डीबीएम. ८५६० मध्यें ३०० मेगाहर्ट्झ आणि उणे १०. पडद्यावर तोच आंकडा आला पाहिजे. ज्या यंत्रांत स्वतःचें माप स्वतः जुळवून घेण्याची सोय आहे, त्यांत ती क्रिया शेवटपर्यंत विनातक्रार झाली पाहिजे. तार हरवली असें सांगितल्यास आपली तार काढावी.

मग ॲटेन्युएटर दहा-दहाच्या पायरीनें चढवीत जावें. शिखराचा आंकडा जागचा हलतां कामा नये, आणि खालची खरखर मात्र प्रत्येक पायरीस दहा डेसिबेल वर आली पाहिजे. एखाद्या पायरीस शिखर खचलें तर ती पायरी जळली आहे. याच कसोटीचा दुसरा उपयोग असा कीं, जी लहर ॲटेन्युएटर चढवितांच आपोआप खालीं जाते ती बाहेरची नव्हे, यंत्रानेंच अजीर्णापोटीं उत्पन्न केलेली आहे.

यानंतर दारावर टोपी घालून गाळणी एकेक पायरीनें अरुंद करावी. दहापटीस खरखर दहा डेसिबेल उतरली पाहिजे. शेवटीं आपलें लहर देणारें उपकरण जोडून संपूर्ण पट्ट्यांत दहा-बारा ठिकाणीं आंकडे वाचावे. यंत्राची स्वतःची साक्ष आणि बाहेरची साक्ष जुळली, म्हणजे मग भावाचें बोलावें.

कॅलिब्रेशनचें प्रमाणपत्र कोणी दाखविल्यास त्यावरची तारीख वाचावी. तें त्या दिवसापुरतें खरें असतें. नंतर यंत्राला काय खाऊं घातलें तें कागद सांगत नाहीं.

पुढें काय झालें

तीन यंत्रें पाहून दोन नाकारलीं. तिसरें ८५९४ई, पडदा थोडा मंद, एका कडेस पेटीला पोंचा, पण सर्व कसोट्यांत आंकडे एका डेसिबेलच्या आंत. रिमोट आणि मीटर दोन्हींची तिप्पट त्यांत दिसते. ब्लूटूथचें काम घ्यावयाचें नाहीं असें पुतण्यानें ठरविलें. तेंच घेतलें. पैसे या खेपेस आमच्या मुदतठेवींतून दिले. ती आमच्या शब्दाची किंमत होती.

राहिलें जुनें यंत्र. एक गृहस्थ तें सत्तर हजारांस घेण्यास तयार झाले होते; त्यांनीं कांहीं विचारलेंहि नव्हतें. पुतण्याच्या मनांत चलबिचल झाली, आणि खरें सांगावयाचें तर आमच्याहि मनांत झाली. तोंवर वहिनींस कांहींच सांगितलें नव्हतें. त्या दिवशीं सांगितलें. त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "भावजी, पाटल्या गेल्या त्याचं नाहीं एवढं वाटत. तुम्हीं दोघांनीं इतके महिने मला बाहेर ठेवलंत, त्याचं वाटतं." आणि गिऱ्हाइकाची गोष्ट निघाली तेव्हां एकच प्रश्न त्यांनीं विचारला, "त्यांच्याहि घरीं कोणाच्या पाटल्या असतील ना?"

दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें दोष स्पष्ट लिहिलेला कागद यंत्रावर चिकटविला. सत्तर हजारांचे गृहस्थ अर्थातच फिरले. पुढें अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्यानें सुट्या भागांसाठीं तें वीस हजारांस नेलें. जातांना कागद मात्र काढूं नका म्हणाला. त्या रकमेंतून पहिल्या गिऱ्हाइकाचें प्रयोगशाळेचें शुल्क परत केलें. तो अजून काम देतो.

आज त्या खोलींत यंत्राशेजारीं एक वही टांगलेली आहे. दर सोमवारीं सकाळीं, अर्धा तास तापल्यावर, ३०० मेगाहर्ट्झचा आंकडा तींत लिहावयाचा. त्याशिवाय कोणाचेंहि काम सुरू करावयाचें नाहीं. पहिले कांहीं सोमवार आम्हींच जाऊन लिहिला, आतां पुतण्याची मुलगी लिहिते. आणि दाराशीं ३० डेसिबेलचा ॲटेन्युएटर कायमचा लावलेला असतो, कारण त्या यंत्राची सहनशक्ति एक वॅटची आहे आणि माणसाची विसरभोळेपणाची शक्ति अमर्याद आहे. मोजणींत त्याचे तीस अंश मिळवावयाचे, एवढें वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेविलें आहे. अगदीं क्षीण लहर पाहावयाची असली तरच, आधीं जोर मोजून, तो काढावयाचा.

वहिनींचे हात अजून मोकळेच आहेत. काम बरें चाललें आहे. येत्या वर्षा-दोन वर्षांत पाटल्या पुन्हां होतील असें पुतण्या म्हणतो, आणि त्या त्याला, आधीं मुलांच्या फिया भर, म्हणून सांगतात. वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असें यंत्र घेण्याचा प्रसंग आल्यास त्यांनीं ज्ञात लहर हातीं असल्यावांचून होय म्हणूं नये; आणि घरांतल्या कोणीं आपल्या शब्दावर पैसे काढले असतील, तर जें घडेल तें त्यांस त्याच दिवशीं सांगावें, एवढीच विनंति.